जांभळा रंग वजा जाता

मित्रांनो, माझी ओळख करून देण्याआधी उर्मिलाताईंना काय मिळणार होते ते सांगतो. झिरकपूरच्या नव्या वसाहतीत, सी ब्लॉकमध्ये, दुसऱ्या मजल्यावर एक घर. दोन खोल्या, एक हॉल आणि स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. बाहेरच्या गिऱ्हाइकाला जी किंमत पडणार होती, तिच्यात ताईंना चार लाखांची सूट आणि वर गाडी लावायला जागा फुकट. अट एकच होती. वसाहतीच्या पाण्याच्या पाइपांचे अंदाजपत्रक मालकांनी सांगितलेल्या आकड्याच्या आत बसवून द्यायचे.

आता माझे बोलतो. मी एक जुना जांभळा पाइप आहे. पाइप कसला, पाइपाचा फूटभर तुकडा. दुकानदार गिऱ्हाइकाला कापडाचा नमुना दाखवतो ना, तसा मी नमुना. कारखान्यात काळे आणि जांभळे दाणे वितळवून मला गरम साच्यातून ओढून काढले आणि लगेच गार पाण्याच्या हौदातून फिरवले. तेवढेच पाणी माझ्या नशिबी आले. त्यानंतर माझ्यातून एक थेंबही वाहिलेला नाही. पाइपाने आपले आत्मवृत्त सांगावे आणि त्यात पाणीच नसावे, हे तुम्हाला विचित्र वाटेल. मलाही वाटते.

माझ्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत छापले आहे, 'यह पानी पीने योग्य नहीं है'. आम्हा जांभळ्या पाइपांचे काम एवढेच. घराघरांतले न्हाणीचे, धुण्याभांड्यांचे, संडासाचे वापरलेले पाणी एका यंत्रात गाळून, धुऊन पुन्हा कामाला लावतात. बागेला ते चालते, संडासात चालते, पिण्याला चालत नाही. म्हणून त्या पाण्याचे पाइप जांभळे करतात, की अंधाऱ्या खड्ड्यात उतरलेल्या माणसालाही लांबून कळावे, इथे हात लावताना जपून. आमचा रंग म्हणजे मुक्या प्राण्याने मारलेली हाक आहे.

चंदीगडच्या सेक्टर चौतीसमध्ये उर्मिलाताईंचे ऑफिस होते. खाली कोचिंग क्लास, जिन्यात सदा पोरांची गर्दी, वर आम्ही. एका विक्रेत्याने मला ताईंच्या टेबलावर ठेवले आणि ताईंनी माझ्यात पेन्सिली खोचल्या. मला राग आला नाही. त्या टेबलावर बसून मी माणसे कशी हिशेब करतात ते शिकलो. ताई नुसता पाइपाचा भाव लावून थांबत नसत. खोदाई किती, खाली वाळू किती पसरायची, कुठे झडप, कुठे 'पिऊ नये' अशी पाटी, सगळे मांडत. शेवटी एक कलम असे, रंगाची चाचणी. नव्या पाइपात रंगीत पाणी सोडायचे आणि घरोघरी स्वयंपाकघराचे नळ उघडून बघायचे. कुठल्या नळाला रंग आला, तर समजायचे की जोडणी चुकली. ऑफिसातले लोक म्हणत, "उर्मिला मॅडमचं एस्टिमेट म्हणजे पक्कं." त्या मान खाली घालून हसत आणि माझ्यातली एक पेन्सिल काढून पुन्हा टोक करीत. त्या दिवसांत मला वाटे, आता लवकरच माझी भावंडे येणार. जांभळी, लांबलचक, गुंडाळ्यांच्या गुंडाळ्या.

मग एके दुपारी मालक आले. नरेशजी. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता. येताना सगळ्यांना समोसे आणायचा, शिपायाच्या पोरीच्या फीची आठवण ठेवायचा. फक्त आकड्यांच्या कागदावर त्याची नजर पडली की ती नेमकी शेवटच्या चार ओळींवर पडायची, कारण कापता येण्यासारखे खर्च तिथेच बसलेले असतात.

"मैडमजी, ये जामुनी पाइप क्या चीज़ है?"

"सर, ट्रीटेड पानी की लाइन है. रंग अलग रखना पड़ता है. कल को कोई गलत जोड़ दे तो?"

"कौन जोड़ेगा? मिट्टी के नीचे रंग कौन देखता है जी, मुर्दे?" नरेशजी स्वतःच्याच विनोदावर मनापासून हसले. "काले वाला कितने में पड़ता है?"

ताईंनी सांगितले. जांभळा, पाट्या आणि चाचणी मिळून फरक अकरा लाखांचा होता. दोनशे चाळीस घरांत वाटला तर घरटी साडेचार हजारांच्या आसपास. एवढ्या पैशांत त्या वसाहतीत खिडकीला बरा पडदाही आला नसता. पण मालकाला ते घरटी दिसत नव्हते, त्याला अकरा लाख एकरकमी दिसत होते.

"काट दो," ते म्हणाले. "सब काला."

"सर, कम से कम मीटर-मीटर पर जामुनी पट्टा रंगवा देते हैं. पेंट का खर्चा तो कुछ भी नहीं."

"हाँ हाँ, बाद में करवा लेंगे."

मित्रांनो, 'बाद में' या कलमापुढे कोणी आकडा भरलेला मी आजवर पाहिलेला नाही.

ताई आणखी भांडल्या असत्या. त्यांना भांडता येत होते. पण त्याच आठवड्यात त्यांच्या यजमानांची, प्रसन्नरावांची, बदली निघाली होती. ते हवाई दलात सार्जंट. चंदीगडहून थेट आसामला, जोरहाटला. म्हणजे सरकारी क्वार्टर सोडायचे. ताईंची नोकरी इथे, लेक ऋजुताची शाळा इथे. गावाकडून, गडहिंग्लजहून, ताईंची आई नातीला सांभाळायला आली होती, आणि उतारवयात तिला पुन्हा भाड्याच्या खोल्यांतून फिरवायचे ताईंच्या जिवावर आले होते. "आईला एकदा स्वतःच्या घरात बसवायचीय," असे त्या फोनवर प्रसन्नरावांना म्हणाल्या होत्या. मी ऐकले होते.

त्यांनी पेन्सिल उचलली, जांभळा रंग वजा केला आणि बेरीज पुन्हा मांडली. आकडा बसला. एक गोष्ट तेवढी राहिली, कारण तिला पैसे पडत नव्हते. चरात पिण्याचा पाइप वर आणि दुसरा खाली, हा नियम. ताईंनी नकाशावर तो ठळक करून ठेवला. रंग गेला, पण वर-खाली तरी राहिले, असे त्यांनी मनाला समजावले.

जाताना नरेशजींनी मला बोटाने टिचकी मारली. "ये खिलौना घर ले जाओ, बच्ची खेलेगी."

अशा रीतीने मी क्वार्टरमध्ये राहायला आलो. खरे सांगतो, माझे ते दिवस सुखाचे होते. ऋजुता दुसरीत होती. ती मला दुर्बीण करून डोळ्याला लावी. माझ्या अंगावरची अक्षरे बोट ठेवून वाची, "यह पानी... पीने योग्य... नहीं है. आजी, इसका पानी मत पीना!"

"ह्यात पाणी हाय कुठं, बाई? उगं कोरडा ठणठणीत," सुलोचनाआजी म्हणत आणि माझ्यात डाव-उलथने उभे करून ठेवत.

आजींना खुर्चीवर बसायला आवडत नसे. स्वयंपाकघरात खिडकीखाली बसकर टाकून त्या भिंतीला पाठ लावून बसत, मेथी निवडत, आणि नातीशी मराठीत बोलत. नात हिंदीत उत्तर देई. दोघींचे छान चालले होते. अडत होते एकाच शब्दावर.

"ये, खाली बस माझ्यापाशी."

"खाली बस? कौन सी बस आजी? उसमें कोई सवारी नहीं?"

"अगं, खाली म्हंजे खाली! भुईवर!"

"खाली मतलब एम्प्टी होता है!" ऋजुता हसून हसून लोळायची. आजी मुद्दाम आणखी बोलायच्या, "दूध खाली ठेवलंय बघ," आणि ती ओरडायची, "झूठ! दूध तो भरा हुआ है!" हा खेळ त्या घरात रोज व्हायचा. प्रसन्नरावांना व्हिडिओ कॉलवरसुद्धा तो करून दाखवला जाई. ताई हात पुसत म्हणत, "पुरे गं तुम्हा दोघींचं."

मे महिन्यातल्या एका रविवारी सामानाची बांधाबांध चालली होती. क्वार्टरची मुदत संपत आली होती. सी ब्लॉकची शेवटची जोडणी राहिली होती, ती झाली की किल्ली. ताई भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या, फोन खांद्याने कानाशी धरलेला. तिकडून बलकारसिंग बोलत होता. तो वसाहतीचा प्लंबिंगचा ठेकेदार.

"मैडमजी, सी ब्लॉक का खड्डा खुला पड़ा है. दो पाइप हैं, दोनों काले. ट्रीटेड वाला कौन सा है?"

"ट्रीटेड वाली?" ताईंनी कढईचा कान कागदात कोंबला. "वो खाली है."

"खाली है?"

"हाँ हाँ, खाली."

"पक्का ना जी? शाम तक जोड़ के बंद कर दूँ?"

"पक्का. आज ही कर दीजिए, प्लीज़."

कोपऱ्यात ऋजुता एकदम खुदकन हसली. "मम्मा! आप भी आजी जैसा बोले!"

"गप गं, फोनवर आहे मी," ताई म्हणाल्या.

आजींनी तिला जवळ ओढले, तिच्या तोंडावर हात ठेवला आणि दोघी मिळून हसू लागल्या. हात आजींचा होता, प्रेमाचा होता. मी डाव-उलथन्यांसकट कट्ट्यावर उभा होतो.

तिकडे काय झाले ते मला पुढे कळले, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. झिरकपूरला त्या वेळी लाइट गेली होती, म्हणून पिण्याचे पाणी चढवणारी बोअरची मोटर बंद होती. बलकारने दोन्ही पाइप जरा जरा सैल करून पाहिले. वरचा कोरडा. खालच्यात पाणी, कारण बागेसाठी यंत्राची टाकी भरून ठेवलेली. मॅडम म्हणाल्या होत्या, ट्रीटेडवाली खाली आहे. तो मराठीतला खाली थोडाच घेणार होता? त्याने रिकामा पाइप पाहिला, तो ट्रीटेडचा ठरवला आणि संडासांना जोडला. पाण्याने भरलेला पाइप स्वयंपाकघरांना दिला. खड्डा बुजवला, वर फरशा बसवल्या. संध्याकाळी लाइट आली आणि सी ब्लॉकचे संडास पिण्याच्या पाण्याने धुतले जाऊ लागले.

नव्या घरात आजींनी पहिल्या दिवशी दूध उतू घालवले, उंबऱ्याला हळदकुंकू लावले. मग पूर्वेच्या खिडकीखाली बसकर टाकले. "उर्मे, हितं खाली गार लागतंय बघ," त्या म्हणाल्या. ताईंनी त्यांचा तसाच फोटो काढून जोरहाटला पाठवला. सी ब्लॉकमध्ये तेव्हा जेमतेम आठ-दहा बिऱ्हाडे आली होती. पाण्याला किंचित वास होता. शेजारच्या चित्राभाभी म्हणाल्या, नवीन पाइप आहेत, आठवड्यात जाईल. ताईंनाही तेच पटले. पटायला सोयीचे होते.

फिल्टर बसवणारा माणूस रोज "कल पक्का" म्हणत होता. तोवर आजी नातीचे पाणी उकळून, गाळून तिच्या शाळेच्या बाटलीत भरत. ताई ऑफिसात पीत. "आई, तूही उकळलेलंच पी," असे ताईंनी सांगितले होते. आजी हो म्हणाल्या आणि आपला तांब्या नळाखाली धरत राहिल्या. सिलिंडर महाग, शिवाय उकळलेल्या पाण्याला म्हणे चव नसते. आणि उन्हाळा असा की तांब्यावर तांबे लागत.

पोट बिघडले तेव्हा त्यांनी दोन दिवस लपवले. ताईंनी वास्तुशांतीला ऑफिसातली माणसे बोलावली होती, आपल्यामुळे खोळंबा नको. "हवा मानवली न्हाई," एवढेच म्हणाल्या. तहान वाढली तशा त्या आणखी पाणी पीत गेल्या. मित्रांनो, मी त्याच कट्ट्यावर, त्या नळापासून हातभर अंतरावर उभा होतो. माझ्या अंगावरचे वाक्य नळाकडे तोंड करून होते.

वास्तुशांतीच्या सकाळी त्या बसकरावरून उठू शकल्या नाहीत. दवाखान्यात नेले, सलाइन लावले, पण अंगातले पाणी फार गेले होते आणि मूत्रपिंडे थकली होती. प्रसन्नराव विमानाने निघाले. ते पोचले तेव्हा आजींना न्यायची तयारी झाली होती.

त्या आठवड्यात सी ब्लॉकमधली आणखी माणसे आजारी पडली आणि बरी झाली. चित्राभाभींचा मुलगा तीन सलाइनांवर सुटला. डॉक्टरांनी विचारले, "पानी कहाँ का पीते हो?" त्या प्रश्नाने ताई जाग्या झाल्यासारख्या झाल्या. दहावा झाल्यावर त्यांनी जांभळ्या रंगाचा डबा विकत आणला. 'बाद में' म्हणून ठेवलेले पट्टे आपण तरी रंगवू, अशी त्यांची समजूत असावी. रंगाची छटा जुळवायला त्यांनी मला पिशवीत घातले. बलकारला बोलावून सी ब्लॉकसमोरच्या फरशा काढायला लावल्या आणि खड्ड्यात डोकावल्या.

"बलकारजी, किचन की लाइन नीचे वाली से क्यों ली?"

"आपने ही तो बोला था जी."

"मैंने? मैंने बोला था ट्रीटेड वाली खाली है."

"हाँ जी. ऊपर वाली बिल्कुल खाली थी, एक बूँद नहीं थी. तो मैंने वो ट्रीटेड समझी. जिसमें पानी था, वो किचन को दे दी."

ताईंच्या हातातला डबा हळूहळू तिरका होत गेला. जांभळा रंग त्यांच्या चपलेवर सांडत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. त्या म्हणाल्या, "खाली म्हणजे... नीचे. हमारे में खाली मतलब नीचे."

"नीचे को तो नीचे बोलते हैं ना, मैडमजी," बलकार म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आजींना खांदा देणाऱ्यांत तोही होता.

ताई तशाच उठल्या. सी ब्लॉकच्या प्रत्येक दारावर गेल्या, "नल बंद कीजिए" म्हणाल्या, आणि का, तेही सांगितले. एका शब्दामुळे, आपल्या शब्दामुळे. चित्राभाभींनी आधी दार लावून घेतले. मग पुन्हा उघडून त्यांना आत घेतले. घरी येऊन ताईंनी मला कट्ट्यावर ठेवले. ऋजुता जवळ आली. "मम्मा, मैं उस दिन हँसी थी ना? आपने गप बोला था." ताईंनी तिला घट्ट धरले.

पुढे ताईंनी ती नोकरी सोडली. आता दुसऱ्या ठिकाणी तेच काम करतात. समोरच्या माणसाने शेवटच्या चार ओळींकडे नजर वळवली की त्या पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवतात. काही जण रंग ठेवतात. काही जण विचारतात, ये खिलौना क्या है?

मित्रांनो, तुम्हाला कुठे जांभळा पाइप दिसला तर त्याला हसू नका. त्याचा रंग कुणीतरी भांडून राखलेला असतो. आणि मोठी माणसे फोनवर बोलत असताना तुम्हाला एकाएकी हसू आले, त्यांनी गप म्हटले, तरी का हसू आले ते मोठ्याने सांगा. दोनदा सांगा. मोठ्यांनाही माझे एक मागणे आहे. मूल हसले, तर फोन क्षणभर बाजूला धरा आणि विचारा.

आता हिशेब पुरा करतो. नरेशजींचे अकरा लाख वाचले. खड्डे पुन्हा उकरून जोडण्या बदलायला जो खर्च आला, तो त्यांनी वसाहतीच्या देखभालीत टाकला, म्हणजे तो दोनशे चाळीस घरांनी भरला. बलकारचे राहिलेले बिल 'लेबर की गलती' म्हणून कापले गेले. त्याने तो भुर्दंड निमूट भरला आणि झिरकपूर सोडून जवळच्या खरड गावी कामे धरली. ताईंना चार लाखांची सूट मिळाली, ती कागदावर अजून तशीच आहे. गाडीची जागाही मिळाली. या हिशेबात ऋजुताने आपले हसू भरले. ती आता 'नीचे' म्हणते, सांभाळून. त्या घरात तो शब्द कोणी काढत नाही.

उरलेली सगळी रक्कम आजींनी भरली. पूर्वेच्या खिडकीखाली, जिथे त्या खाली बसायच्या, तिथे बसकर अजून घातलेले आहे. त्यावर कोणी बसत नाही. ती जागा आता दोन्ही भाषांत खाली आहे.